सीन, से आणि इयरफोन

चोपड्यातल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जाऊन इयरफोन मागा. दुकानदार पाकीट फोडतो, पिन स्वतःच्या मोबाइलला लावतो, वरातीत वाजतं तसलं एखादं डीजे मिक्स सुरू करतो आणि बोंड तुमच्या कानाशी धरतो. "बेस बघा भाऊ." कानात कुणी उशी आपटल्यासारखं होतं, आपण मान हलवतो, दीडशे-दोनशे रुपये देतो. झाली परीक्षा. गेल्या वर्षभरात मी अशा सहा-सात दुकानांत उभा राहिलो. माणूस बोलतानाचा आवाज लावून दाखवला असं एकाही ठिकाणी घडलं नाही. तसं कुणी मागतही नसावं.

आणि तरी एसटी स्टँडवर बसलेल्या पोरांच्या मोबाइलमध्ये डोकावून बघा. निम्मी स्पर्धा परीक्षेचे तास ऐकत असतात. बायका माहेरी बोलत असतात. कुणी बयान ऐकतो, कुणी कीर्तन, कुणी केळीचे भाव सांगणारा व्हिडिओ. सगळा बोलण्याचा मामला. घेताना मात्र ढोलावर पारखून घ्यायचं.

मला वायरचा, कानाच्या आत बसणारा इयरफोन हवा होता तो अब्बांसाठी. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. बिनवायरचे ते छोटे दाणे त्यांना नको होते: रोज चार्ज कोण करणार, आणि एक गादीत हरवला की दुसरा कशाला? वायर दिसते, हाताला लागते, गळ्यात अडकवून फिरता येतं. त्यांच्या साध्या मोबाइलला गोल पिनेचं भोक अजून आहे. २०१६ साली आयफोन ७ मधून ते गेलं आणि हळूहळू सगळ्यांनीच बुजवायला घेतलं. पण स्वस्त मोबाइलमध्ये ते टिकून आहे, ही गरिबांवरची मेहरबानीच म्हणायची.

अब्बांच्या कानांबद्दल आधी सांगावं लागेल.

आम्ही पिंजारी. अब्बांनी तरुणपणी खांद्यावर पिंजण टाकून अडावद, धानोरा, लासूर, हातेड अशी गावं केली. दिवाळी जवळ आली की गाद्या-रजयांचा कापूस पिंजायला लोक वाट बघायचे. पिंजण म्हणजे मोठी कमान, तिला ताणून बांधलेली तात, आणि त्या तातीवर लाकडी मुठीचा ठोका. ठोका बसला की तात थरथरते आणि कापसाचा गड्डा सुटा होऊन भुरभुर उडतो. ते यंत्र कापसाचं असलं तरी चालायचं कानावर. तात सैल झाली की आवाज बसतो, जास्त ताणली की किरकिरतो, कापसात सरकी राहिली असेल तर मध्येच टणकन वेगळा सूर निघतो. मी लहानपणी त्यांच्या पाठीमागे बसून कापूस सारायचो. ते मागे वळूनही न बघता सांगायचे, "सरकी शे तठे." आणि असायची.

मग पिंजायची मशीन आली, पिंजण माळ्यावर गेलं आणि अब्बा एका जिनिंगमध्ये लागले. कापसाच्या सीझनमध्ये दोन-दोन पाळ्या. जिनवर हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि जिथं ओरडावं लागतं तिथला आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर असतो, म्हणजे वर्षानुवर्षं रोज आठ तास सोसण्याजोगा नसतो. हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. कापसाच्या कारखान्यात कानात घालायला कापूससुद्धा कुणी दिला नाही. अर्थात साध्या बोळ्याने त्या आवाजाचं फार काही बिघडलंही नसतं, त्याला दाबून बसणारे खास प्लग लागतात.

जळगावला कानाची तपासणी केली तेव्हा हातात एक आलेख आला. डावीकडे खालचे, जाड सूर. उजवीकडे वरचे, बारीक सूर. २५० हर्ट्झ, ५००, १००० इथपर्यंत अब्बांची रेघ बरी चालते. २००० ला उतरायला लागते आणि ४००० ला विहिरीत पडते. ८००० ला पुन्हा थोडी वर येते. तपासणाऱ्या बाईंनी त्या खड्ड्यावर पेन टेकवलं आणि विचारलं, "मशीनवर काम केलंय का?" आवाजाने गेलेल्या कानाची ती खूण असते. वयाने गेलेल्या कानाची रेघ उजवीकडे उतरतच जाते. आवाजाने गेलेल्या कानाला ४००० च्या आसपास खड्डा पडतो. अब्बांकडे दोन्ही आहे, पण खड्डा जुना आहे.

याचा व्यवहारातला अर्थ अब्बा स्वतः कितीतरी वर्षं सांगत होते. घरात कुणी मोठ्याने बोललं की चिडायचे, "माले आयकू येस, समजत नई." आम्हाला वाटायचं लक्ष नसतं. पण माणसाच्या बोलण्यात आ, ई, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. स, श, फ, त, ख यांची ओळख वरच्या पट्टीत आणि हलक्या आवाजात असते. स्वरांनी आवाज पोचतो, व्यंजनांनी शब्द. अब्बांना आवाज पोचत होता.

श्रवणयंत्र घेतलं. ते चारचौघांत उपयोगी पडतं, दावतीला, दुकानावर. पण फज्रनंतर अब्बांचा अर्धा-पाऊण तास तिलावत ऐकण्याचा असतो, मोबाइल उशाशी ठेवून. मोबाइलच्या बारक्या स्पीकरमधून निघून, खोलीत फिरून, यंत्रात शिरून जे कानात पडायचं त्याला ते वैतागले होते. त्यांच्या आवडीचे कारी म्हणजे इजिप्तचे महमूद खलील अल-हुसरी. अख्ख्या कुरआनाची मुरत्तल तिलावत, म्हणजे सावकाश, एकसंथ वाचन, पहिल्यांदा त्यांच्या आवाजात १९६१ साली ध्वनिमुद्रित झालं. एकेक अक्षर त्याच्या जागेवरून काढणारा हा माणूस. आणि अब्बा म्हणाले, "हुसरीसाहेबांचे दात पडल्यासारखे वाटतात."

हे ऐकून मी हसलो होतो. पण इयरफोन पारखायला याहून चांगली कसोटी मला नंतर कुठल्या परीक्षकाच्या लिखाणात सापडली नाही.

ज्या वाचकांना अरबी अक्षरं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपण मराठी माणसं ‘स’ एकच म्हणतो. अरबीत आपल्या कानाला ‘स’ वाटतील अशी तीन अक्षरं आहेत: सीन, स्वाद आणि से. सीन म्हणजे आपला साधा स. स्वाद म्हणताना जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो, त्यामुळे पुढचा ‘आ’ जाड, भरीव होतो. से म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं आणि फुसका, पसरट स निघतो. मराठीतही असं आहेच की: ‘चमचा’तला च आणि ‘चिमटा’तला च लिहायला एक, बोलायला दोन. परक्याला तो फरक ऐकू येत नाही, आपल्याला लगेच खटकतो. अरबीत मात्र अक्षर बदललं की शब्दच बदलतो, म्हणून मकतबमध्ये पोरांना मखरज, म्हणजे कुठलं अक्षर तोंडात कुठून काढायचं, ते घोटून शिकवतात. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांच्या चुका अब्बांनी अशा घरी बसून काढल्या. माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा त्यांनी ते बंद केलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही.

आता आवाजाच्या हिशेबात बघा. सीन आणि स्वाद यांतला फरक मुख्यतः पुढच्या स्वराच्या जाडीत आहे, तो हजार-दीड हजार हर्ट्झच्या परिसरात मोडतो. तिथं अब्बांचे कान शाबूत आहेत आणि स्वस्तातला इयरफोनही बहुधा पोचतो. सीन आणि से यांतला फरक सगळा सुसकाऱ्यात आहे. सीनचा सुसकारा चार-पाच हजारांच्या वर जोरात वाजतो, सेचा मवाळ असतो. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेत असे, म्हणून त्यावर नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असा घोळ व्हायचा आणि लोक "सफरचंदातला स" असं ओरडायचे. म्हणजे इयरफोनची मधली पट्टी तपासायला सीन-स्वादची जोडी आणि वरची पट्टी तपासायला सीन-सेची. दोन जोड्या, चार पैशांचा खर्च नाही.

माझा भाचा नाशिकला इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला या इयरफोनांचं वेड आहे. चीनच्या शेन्झेन, चेंगडू अशा शहरांतल्या कंपन्या गेल्या काही वर्षांत हजार-दोन हजारांत असे इयरफोन काढतात की पूर्वी त्या दर्जाला दहापट मोजावे लागत. त्याने मला दोन पाठवले, एक सातशेचा, एक सोळाशेचा. तिसरा मी चोपड्यातून दीडशेचा घेतला. कंपन्यांची नावं देत नाही. सहा महिन्यांत ती मॉडेलं बाजारातून जातात आणि नावापेक्षा पारखायची रीत कामाची आहे.

भाच्याने पहिलीच अट घातली, "मामू, आधी बोंड नीट बसवा, मग बोला." हे फार खरं आहे. कानाच्या आत बसणाऱ्या इयरफोनचा खालचा आवाज हवाबंद बसण्यावर अवलंबून असतो. बोंडावरची रबरी टोपी कानाच्या मापाची नसेल, बारीकशी फट राहिली, तर बेस तिथून गळून जातो आणि महागातला इयरफोन पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात आणि बहुतेक लोक जी लावलेली असते तीच वापरतात. कान थोडा मागे-वर ओढून बोंड घालायचं, मग हात सोडायचा. अब्बांच्या डाव्या कानाला मोठी टोपी लागते, उजव्याला मधली. दोन्ही कान सारखे असतात असं कुणी सांगितलंय?

दुसरी अट: तिन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. जो किंचित मोठा वाजतो तो माणसाला चांगला वाटतो, हे आपल्या कानाचं जुनं दुबळेपण आहे आणि दुकानदाराला ते पक्कं ठाऊक असतं. हजार हर्ट्झचा एक सलग सूर लावून तिन्ही आळीपाळीने ऐकले आणि मोबाइलवर प्रत्येकाची खूण ठरवली. तिसरी अट होती न बघता ऐकण्याची. मी डोळे मिटून बसलो, मुलगी एकेक हातात देत गेली. ही अट पुरती पाळता येत नाही. कानात घालताक्षणी वजनावरून, टोपीवरून कळतंच कोणता आहे. तरी किंमत डोळ्यांसमोर नाचत नाही, एवढा फायदा होतो. किंमत फार नाचवते. २०१७ साली येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापं किंमतीशी ताडून पाहिली. कुठली पट्टी किती वाजते याचा आणि किंमतीचा काही संबंध त्याला आढळला नाही.

भाचा आलेखही पाठवतो. त्या आलेखात चांगल्या म्हटल्या जाणाऱ्या प्रत्येक इयरफोनच्या रेघेला ३००० हर्ट्झच्या आसपास टेकडी असते. मला वाटलं, सरळ रेघ म्हणजे खरा आवाज, मग ही टेकडी कशाला? कारण कानाचं भोक. ती जेमतेम अडीच सेंटिमीटरची नळी, एका टोकाला पडद्याने बंद. उघड्या हवेत ती स्वतःच ३००० च्या आसपासचा आवाज वाढवून पडद्याला देते, बासरीच्या नळीसारखी. इयरफोनने भोक बुजवलं की ती नैसर्गिक वाढ मोडते, मग तेवढी वाढ इयरफोनलाच करून द्यावी लागते. अमेरिकेत १९९१ साली आलेल्या इटिमॉटिक कंपनीच्या ईआर-४ या इयरफोनच्या मागे हाच विचार होता. पुढे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्या गटाने अनेक लोकांना ऐकवून, त्यांची पसंती विचारून एक रेघ ठरवली. बरेच इयरफोनवाले आज ती समोर ठेवून माल बनवतात. म्हणजे ‘खरा आवाज’ म्हणून जे सांगतात त्यात लोकांची आवडही मिसळलेली आहे. आणि ती कुणाच्या कानांची आवड? धडधाकट कानांची. अब्बांचा आलेख त्या रेघेत कुठे बसतो, हा प्रश्न त्या परीक्षणांत येत नाही.

पहिली फेरी माझ्या कानांची. मी तंबोऱ्यापासून सुरुवात केली. गाण्या-वाजवण्याबद्दल आपल्यात मतं आहेत, ती इथं काढत नाही. मला तार ऐकायची होती. मिरजेला तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी मुळात शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम संपत आलं आणि फरीदसाहेब शिकलगार वाद्यांकडे वळले, आडनावच सतारमेकर झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिंजण उचलून जिनिंगला गेलेल्या आमच्यासारख्यांना त्यांचा हेवा वाटावा असं ते वळण आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते, किंचित गोलवा असतो, आणि तिच्यावर तारेखाली कारागीर दोरा सरकवतो. त्याने तार घोडीला घासून घासून सुटते आणि एका तारेतून सुरांची अख्खी झालर उठते. ती जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे: साध्या तारेत जो उपसूर वाजताच कामा नये अशा जागी छेडलं तरी तंबोऱ्यात तो वाजतो.

दीडशेच्या इयरफोनमध्ये जवारी नव्हतीच. खर्जाची तार गोधडीखालून वाजत होती आणि बाकीच्या तारा शेजारच्या घरात. सातशेच्यात जवारी लखलखीत, पण पत्र्यावर वाळू पडावी तशी. दहा मिनिटांनी कानाच्या मुळाशी टोचायला लागली. सोळाशेच्यात ती तारेला चिकटून होती, वेगळी काढून दाखवलेली नव्हती. इयरफोनवाल्यांची त्यांची भाषा आहे, ऊबदार, चकचकीत, हवेशीर. मला पिंजाऱ्याची भाषा सुचते. पहिल्यात कापूस पिंजलेलाच नाही. दुसऱ्यात पिंजलाय पण सरकी राहिली. तिसऱ्यात तंतू सुटे आहेत.

मग बालगंधर्वांची एक जुनी तबकडी ऐकली. ते लहानपणी जळगावात मेहबूबखान यांच्याकडे गाणं शिकले, हे आमच्या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा सांगण्यासारखं आहे. त्या काळच्या मुद्रणात वरची पट्टी फार नाही, तबकडीची खरखर मात्र भरपूर. इथं सातशेचा इयरफोन खरखरच जास्त ऐकवतो. दीडशेचा चक्क बरा वाटला, कारण खरखर गिळतो. म्हणून जुन्या गाण्यावर इयरफोन पारखू नये. रफी-लता ऐकून "मस्त आहे" म्हणणारे आमचे मित्र याच कारणाने दीडशेच्यावर खूश असतात, आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे.

दुसरी फेरी अब्बांची. मुलीने ‘सा’ हा उच्चार सीनने दहा वेळा, स्वादने दहा वेळा, सेने दहा वेळा असा सरमिसळ करून रेकॉर्ड केला. थेट मोबाइलमध्येच, कारण व्हॉइस नोट म्हणून पाठवला की वरची पट्टी दाबली जाते. अब्बांनी प्रत्येक वेळी अक्षराचं नाव सांगायचं, मी वहीत टिपायचं. आधी त्यांना हे पोरखेळ वाटलं. पाचव्या-सहाव्या अक्षराला ते पाठ ताठ करून बसले.

स्वाद त्यांनी तिन्ही इयरफोनांत ओळखला, दहापैकी नऊ-नऊ, दहा-दहा. खरी परीक्षा उरलेल्या वीस अक्षरांची, सीन की से. दीडशेच्यात ११ बरोबर, म्हणजे नाणं उडवूनही तेवढे आले असते. सोळाशेच्यात १२. आणि मला टोचणाऱ्या, भाच्याने "मामू, हा परत पाठवा, ट्रेबल फार आहे" म्हणून सांगितलेल्या सातशेच्यात १५. आकडे लहान आहेत, एका माणसाचे आहेत, एका सकाळचे आहेत, त्यावरून कुणी सिद्धांत मांडू नये. पण माझ्या कानाला जो दोष तो त्यांच्या कानाला आधार, एवढं त्या वहीत स्पष्ट दिसतं. चष्म्याचं आपण असं लगेच मानतो. दुसऱ्याचा नंबर आपल्याला गरगरवतो म्हणून चष्मा वाईट आहे असं कुणी म्हणत नाही.

मात्र सातशेचा अब्बांनाही अर्ध्या तासाने नको झाला. "किरकिर करस," म्हणाले आणि काढून ठेवला. बिघडलेल्या कानाचं हे एक त्रांगडंच आहे: हलका आवाज ऐकू येत नाही आणि मोठा झाला की एकदम सोसवत नाही. मधली जागा अरुंद होऊन बसते.

मग दोन गोष्टी केल्या. पहिली, फाइल तपासली. अब्बांच्या मोबाइलमधली हुसरींची तिलावत व्हॉट्सॲपवरून दहा जणांच्या हातून आलेली, जागा वाचवण्यासाठी पिळून पिळून बारीक केलेली. वरची पट्टी तिच्यात उरलेलीच नव्हती. मूळ मुद्रण जुनं आहे, आजच्यासारखं लख्ख नाही, पण नीट उतरवलेली मोठी फाइल मिळाली तेव्हा माझ्या कानांनाही हुसरींचे निम्मे दात परत आल्यासारखं वाटलं. जे मुद्रणात नाही ते सोळाशेचा काय, सोळा हजारांचा इयरफोन कुठून आणणार? इयरफोन बदलण्याआधी फाइल बदलून बघा, हे मी आता सगळ्यांना सांगतो. त्याआधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, हेही.

दुसरी गोष्ट, सोळाशेचाच इयरफोन ठेवला आणि त्याला जोड दिली. अँड्रॉइड मोबाइलसाठी गूगलने २०१९ मध्ये साउंड ॲम्प्लिफायर नावाची सोय आणली, ती वायरच्या इयरफोनवर चालते. आयफोनमध्ये तशी सोय २०२० पासून आहे. दोन्ही कानांना वेगवेगळं वाढवता येतं, हलके आवाज उचलता येतात, वरची पट्टी थोडी पुढे आणता येते. दोन ते चार हजारांच्या पट्टीला थोडी चढण दिली, हळूहळू, चार-पाच दिवसांत. वहीत सीन-सेचे वीसपैकी १६ आले, आणि तासभर ऐकूनही अब्बांनी बोंडं काढली नाहीत.

यापुढे जायची घाई केली नाही. कानातले जे सूक्ष्म केस मेले ते मेले. तिथं आवाज कितीही ओता, भांडं फुटकं आहे. उलट उरलेले जातात. जागतिक आरोग्य संघटनेचं माप सांगून ठेवतो, कारण हे अब्बांपेक्षा पोरांना लागू आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. बेसचं पारडं जड असलेल्या इयरफोनमध्ये बोलणं नीट कळत नाही म्हणून आवाज वाढवला जातो, आणि आवाज वाढला की बेसही वाढतो. एसटी स्टँडवरची ती पोरं गाडीच्या इंजिनाच्या वर आवाज नेऊन तास ऐकतात. जिनिंगला जायची त्यांना गरज नाही, जिन खिशात आहे. कानात घट्ट बसणाऱ्या टोपीचा खरा फायदा इथं आहे. बाहेरचा गोंगाट ती बाहेर ठेवते, मग मोबाइलवरच्या दोन-तीन रेघा कमी करून भागतं. रस्त्यावर चालताना मात्र तोच फायदा जिवावर बेतू शकतो, तेव्हा यावल रोडवर कानात बोंडं घालून सायकल चालवणाऱ्यांनी जपावं.

सोळाशेच्या इयरफोनची वायर बोंडापासून सुटी होते, दोनेकशे रुपयांत नवी मिळते. अब्बांनी पहिल्याच महिन्यात पिनेजवळ तिला सुताचे वेढे घातले, तातीच्या टोकाला घालायचे तसे, दाबून दाबून. डावीकडचा आवाज मध्येच कमी झाला होता. जाळीत मळ अडकला होता, तो सुईने न टोचता मऊ ब्रशने काढला.

परवा मुलीने सूरह कौसर वाचून रेकॉर्ड केली आणि त्यांच्या कानात लावून दिली. लहानशी सूरह, नमाजमध्ये रोजची. पहिल्याच आयतीच्या शेवटी, ‘कौसर’ शब्दात से येतो. अब्बांनी बोट वर केलं. "सीन झाला तुझा. से पाहिजे."

"से-च वाचलाय दादा."

पुन्हा लावलं. मी एक बोंड घेऊन ऐकलं, मला से वाटला. मुलीलाही. अब्बांनी दोन्ही बोंडं परत मागून घेतली, कान मागे ओढून नीट बसवली, डोळे मिटून तिसऱ्यांदा ऐकलं आणि म्हणाले, "सीन." मुलगी चिडली. तिच्या मते दोष दादांच्या कानाचा आहे, त्यांच्या मते तिच्या जिभेचा. शेवटी मकतबमध्ये हाफिजजींना ऐकवायचं ठरलं. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवू नको, इयरफोन बरोबर ने, असं अब्बांनी तिला दोनदा बजावलं आहे.